बिनटाक्याच्या उपचाराचा हिशेब

रक्तवाहिन्यांच्या आजारावर आता ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ होतं, हे गावोगावी माहीत झालं आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत जाते, फुगा फुगवून अरुंद जागा मोकळी केली जाते, गरज असेल तर स्टेंट बसतो आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी तर तेवढाच भाग बधिर करून लेझरने काम होतं आणि माणूस त्याच दिवशी चालत बाहेर पडतो. ही सोय मोलाची आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्यातून नकळत काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. चीर लहान, त्रास कमी, मग करून टाकायला काय हरकत आहे, असं रुग्ण म्हणतो, नातेवाईक म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात. पण उपचार घ्यावा की नाही हे जखमेच्या आकारावरून कसं ठरेल? काहीच केलं नाही तर पुढे काय होणार होतं, यावरून ते ठरायला हवं. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या मोठ्या वैद्यकीय चाचण्या हेच सांगत आल्या आहेत, आणि दवाखान्यातल्या बाकावर मात्र अजून चिरेचाच हिशेब मांडला जातो.

या उपचाराची सुरुवात झाली ती जिथे गमावण्यासारखं सगळंच पणाला लागलं होतं अशा ठिकाणी. जानेवारी १९६४मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची बोटं कुजू लागली होती. पाय कापायचा सल्ला होता आणि बाई तो मानायला तयार नव्हत्या. चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने मांडीच्या धमनीत आधी तार सरकवली, मग तिच्यावरून एकाहून एक जाड नळ्या नेऊन अरुंद जागा रुंद केली. पाय वाचला, आणि बाई जगल्या तोवर स्वतःच्या पायांवरच चालल्या. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी डॉटरना फारसं मनावर घेतलं नाही. त्यांची पद्धत युरोपात रुजली. ज्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून नळीच्या टोकाशी फुगा बसवला, १९७४मध्ये तो पायाच्या धमनीत वापरला आणि सप्टेंबर १९७७मध्ये हृदयाच्या. तिथून पुढे तंत्र झपाट्याने सुधारत गेलं. ते जसजसं सोपं झालं, तसतसा ज्यांचं फारसं काही पणाला लागलेलं नाही अशांवरही त्याचा वापर वाढला, आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहिला.

तो नीट समजून घ्यायचा तर पोटातल्या महाधमनीकडे बघावं. तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. वय आणि विशेषतः धूम्रपान यांमुळे काहींची महाधमनी हळूहळू फुगत जाते, आणि ती फुटली तर अनेक जण इस्पितळापर्यंत पोचतही नाहीत. पूर्वी यावर एकच इलाज होता : पोट उघडून तिथे कृत्रिम नळी शिवायची. ब्वेनोस आयरेसमध्ये हुआन पारोदी यांनी १९९०मध्ये अशी नळी जांघेतून आत नेली आणि स्टेंटच्या आधाराने आतल्या आत बसवली. या दोन पद्धतींची तुलना करणारी ‘ईव्हार-१’ ही चाचणी ब्रिटनमध्ये झाली. पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्या रुग्णांपैकी ४.७ टक्के दगावले, तर जांघेतून उपचार झालेल्यांपैकी फक्त १.७ टक्के. बहुतेकांनी इथेच निकाल लावून टाकला असता. संशोधकांनी मात्र या रुग्णांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला. काही वर्षांतच सुरुवातीचा फायदा विरून गेला, आणि आठ वर्षांनंतर तर फुगवट्यामुळे होणारे मृत्यू आतून नळी बसवलेल्यांमध्येच जास्त निघाले. नळीच्या कडेने रक्त झिरपत राहतं, फुगवटा पुन्हा वाढतो आणि कधी फुटतो. म्हणूनच अशा रुग्णाला आयुष्यभर ठरावीक काळाने स्कॅन करून घ्यावा लागतो. ऑपरेशनच्या दिवशी वाचवलेला त्रास असा पुढच्या वर्षांच्या खात्यावर चढतो. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा सौदा परवडेल. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाने मात्र पोट उघडण्याच्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करावा.

‘पेशंटला मोठं ऑपरेशन झेपणार नाही, म्हणून छोटं करू’ हे वाक्य तर इतकं समंजस वाटतं की त्याला कुणी विरोधच करत नाही. ‘ईव्हार-२’ या चाचणीने नेमकं तेच तपासलं. उघडं ऑपरेशन ज्यांना झेपणार नव्हतं अशा रुग्णांपैकी काहींना आतून नळी बसवली, बाकीच्यांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. नळी बसवलेल्यांमध्ये फुगवट्याने होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण आयुष्य वाढलं नाही. जो हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार मोठं ऑपरेशन झेपू देत नव्हता, तोच त्यांना घेऊन गेला. साडेपाच सेंटिमीटरपेक्षा लहान फुगवट्यांचंही असंच आहे. पोट उघडा किंवा जांघेतून जा, थांबून लक्ष ठेवण्यापेक्षा लवकर हात घातल्याने माणसं जास्त जगली नाहीत.

हृदयाच्या बाबतीत हा मुद्दा पचायला आणखी जड जातो, कारण ‘नव्वद टक्के ब्लॉकेज’ हे शब्द कानावर पडले की घरादाराचा धीर सुटतो. हार्ट अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे मिनिटामिनिटाचं मोल असतं आणि चर्चेत वेळ घालवणं चूकच. पण चालताना छातीत दुखतं, थांबलं की राहतं, अशा स्थिर दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. २००७च्या ‘करेज’ चाचणीत २२८७ रुग्ण होते. चांगल्या औषधांना स्टेंटची जोड दिल्याने त्यांच्यातले मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. याचं कारण आजाराच्या स्वरूपातच आहे. तुंबलेला नळ मोकळा केला की काम झालं, अशी आपली समजूत असते. पण चरबीचा थर धमनीच्या भिंतीत ठिकठिकाणी साचलेला असतो, आणि अटॅक अनेकदा फारशा अरुंद न झालेल्या जागी तो थर फुटून गुठळी झाल्याने येतो. स्टेंट एका जागेला आधार देतो. बाकीच्या भिंतीची काळजी वाहतात ती औषधं, आणि सोडलेली सिगारेट.

यावर एक रास्त आक्षेप आहे : आयुष्य न वाढो, दुखणं तर कमी होतं ना? २०१७च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी निम्म्यांवर स्टेंट न बसवता नुसता देखावा केला गेला, आणि आपल्यावर काय झालं हे कुणालाच सांगितलं नाही. चालण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांमध्ये फारसा फरक दिसला नाही. स्टेंटच्या समर्थकांनी म्हटलं की हे रुग्ण आधीच भरपूर औषधं घेत होते. त्यात तथ्य निघालं. २०२३च्या ‘ऑर्बिटा-२’मध्ये छातीदुखीची औषधं बंद ठेवून तोच प्रयोग झाला आणि स्टेंटने दुखणं खरोखर कमी झालं. तेव्हा औषधं सोसत नसतील, किंवा घेऊनही दुखत असेल, तर स्टेंट हा रास्त पर्याय आहे. फक्त तो आराम पडावा म्हणून घेतोय, जीव वाचावा म्हणून नव्हे, हे घेणाऱ्याला ठाऊक असावं. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्र सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधून टाकली, हे चांगलंच झालं. पण स्वस्त झालेला स्टेंट आपल्याला हवा आहे का, याचं उत्तर कुठल्याही दरपत्रकात मिळत नाही.

पायांच्या बाबतीत चित्र इतकं एकरंगी नाही, आणि ते तसं रंगवूही नये. चालताना पोटऱ्या भरून येतात अशा रुग्णांना देखरेखीखालच्या चालण्याच्या व्यायामाने बराच फायदा होतो. पाय कुजण्याची वेळ आली असेल तर फुगा की बायपास, यावर दोन मोठ्या चाचण्यांनी उलटसुलट उत्तरं दिली आहेत. २०२२च्या ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये बायपाससाठी वापरता येईल अशी स्वतःच्या पायातली चांगली शीर उपलब्ध असलेल्यांना बायपास सरस ठरली, तर ब्रिटनमधल्या ‘बेसिल-२’मध्ये फुगा. मला यातून एवढंच दिसतं की रुग्णाची शीर सोनोग्राफीने मोजून पाहण्याआधीच पद्धत ठरवणारा डॉक्टर घाई करतो आहे. शिरांच्या आजारात मात्र लहान उपचाराची बाजू भक्कम आहे. घोट्याजवळ जखम होऊन महिनोन्‌महिने चिघळते, तेव्हा बिघडलेली शीर लवकर आतून बंद केली तर जखम वेगाने भरते. २०१८च्या ‘एव्हरा’ चाचणीत जखम भरण्याचा मध्यक कालावधी ८२ दिवसांवरून ५६वर आला. आणि खोल शिरेतली गुठळी नळी घालून विरघळवणं, जे ऐकायला कितीतरी तर्कशुद्ध वाटतं, त्याने २०१७च्या ‘ॲट्रॅक्ट’ चाचणीत पायाचा पुढचा त्रास टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

हे सगळं वाचून गरज असलेला माणूसही मागे सरेल, ही भीती खोटी नाही. आपल्याकडे मधुमेह, तंबाखू आणि बिडी यांची साथ मोठी आहे, आणि पाय काळा पडल्यावर दवाखाना गाठणारे कमी नाहीत. त्यांच्यासाठी उशीर हाच सर्वांत घातक उपचार. मेंदूची मोठी धमनी गुठळीने अचानक बंद पडते तेव्हा काही तासांत नळीने ती गुठळी ओढून काढली, तर स्वतःच्या हातापायांवर उभे राहणारे कितीतरी वाढतात, हे २०१५पासून एकामागून एक चाचण्यांनी सिद्ध केलं आहे. म्हणजे लहान चिरेच्या उपचाराला नकार देण्याचा हा मुद्दाच नव्हे. मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून दोन्हींचं गुणोत्तर काढावं. ते ०.९च्या खाली असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असण्याची शक्यता मोठी. मधुमेहात या धमन्या कडक होऊन आकडा फसवा चांगलाही येतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, नळी लागत नाही आणि टाकाही पडत नाही.