जाहिरातीतल्या हलत्या बाहुल्या : संगणकीय आणि स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशनचा परिणाम



मालिका चालू असताना घरातलं मूल इकडेतिकडे पळत असतं आणि जाहिरात लागली की टीव्हीसमोर येऊन उभं राहतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. त्यातही जाहिरातीत बोलणारा प्राणी किंवा नाचणारं बिस्किट असेल तर विचारूच नका. दहावीपर्यंत पोचल्यावर मुलं मराठीच्या उपयोजित लेखनात जाहिरात लिहायला शिकतात. पण जाहिरात बघायला ती दोन-अडीच वर्षांची असल्यापासूनच सुरुवात करतात. मधल्या काळात जाहिरात बघावी कशी, हे त्यांना कोणी शिकवायचं? ते काम आपलं आहे. त्यासाठी आधी आपल्याला ही जादू कशी चालते ते समजून घ्यायला हवं.

अ‍ॅनिमेशन म्हणजे काय?

वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडं थोडं वेगळं चित्र काढून पानं भरभर उलटली की चित्र हलताना दिसतं. हा खेळ आपण लहानपणी खेळलोच आहोत. अ‍ॅनिमेशनचं मूळ तेच. स्थिर चित्रं ठराविक वेगाने डोळ्यांपुढून गेली की मेंदू ती जोडून घेतो आणि आपल्याला हालचाल दिसते.

स्टॉप मोशनमध्ये चित्राऐवजी खरी वस्तू असते. मातीची बाहुली टेबलावर ठेवायची, फोटो काढायचा, तिचा हात किंचित हलवायचा, पुन्हा फोटो काढायचा. सेकंदाला 12 फोटो धरले तरी 30 सेकंदांच्या जाहिरातीला 360 फोटो लागतात. संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये बाहुली संगणकातच घडवतात. तिला सांगाडा, कातडी, रंग, उजेड सगळं तिथेच देतात. महत्त्वाच्या स्थिती कलाकार ठरवतो आणि मधल्या चौकटी भरायला संगणक मदत करतो.

सुरुवात आपल्याच मातीत

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना आपण 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी ओळखतो. पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि त्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराहून अधिक काळाची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. हा छोटा चित्रपट ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जातो. तो दाखवून त्यांनी आपल्या पुढच्या चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला. म्हणजे बघा, थांबून थांबून केलेलं हे चित्रण फाळक्यांच्या कौशल्याची जाहिरातच ठरलं! पुढे 1915 च्या सुमारास त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. तो आज उपलब्ध नाही, पण भारतातल्या स्टॉप मोशनची सुरुवात सांगताना त्याचं नाव घेतात.

गंमत म्हणजे जगातल्या अगदी सुरुवातीच्या अ‍ॅनिमेशन जाहिरातींपैकी एकही काड्यांचीच आहे. इंग्लंडच्या आर्थर मेलबर्न-कूपर यांच्या त्या चित्रपटात काड्यांचा माणूस भिंतीवर लिहून सैनिकांसाठी काड्यापेट्या पाठवण्याचं आवाहन करतो. तो 1899 चा की 1914 चा, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे.

जाहिरातदार अ‍ॅनिमेशन का निवडतात?

1. न दिसणारं दाखवता येतं. दातातले जंतू, पाण्यातली घाण, पोटातलं आम्ल कॅमेऱ्याने दाखवणं कठीण. संगणकीय अ‍ॅनिमेशन ते सहज दाखवतं.

2. कंटाळवाण्या वस्तूला जीव येतो. गाडीची बॅटरी म्हणजे काळा चौकोनी डबा. त्यात बघण्यासारखं काय आहे? पण अमरॉन बॅटरीच्या मातीच्या बाहुल्यांच्या जाहिराती अनेकांना आजही आठवतात. मुंबईत महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओजच्या अ‍ॅनिमेशन विभागात सुरेश एरियत यांच्या चमूने त्या केल्या. ‘ही बॅटरी खूप टिकते’ एवढंच सांगायचं होतं, ते बाहुल्यांनी हसवत सांगितलं.

3. पात्र थकत नाही, मोठं होत नाही. नट म्हातारा होतो, वादात सापडतो, मानधन वाढवतो. संगणकात एकदा घडवलेलं पात्र पुढच्या दहा जाहिरातींना वापरता येतं.

4. भाषेची अडचण कमी होते. बाहुलीचे ओठ मराठी, तमिळ, बंगाली कुठल्याही भाषेत खपून जातात. पात्र बोलतच नसेल तर आणखी सोपं.

संगणक की माती?

दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. संगणकीय अ‍ॅनिमेशन गुळगुळीत आणि अचूक असतं. चॉकलेटची धार, गाडीचं वळण, औषधाचा शरीरातला प्रवास यांना ते शोभतं. स्टॉप मोशनमध्ये खऱ्या वस्तूवर खरा उजेड पडलेला असतो. मातीवर बोटांचे ठसे राहतात, हालचाल किंचित अडखळते. आपल्या पनवेलहून जवळच असलेल्या पेणला गणपतीच्या कारखान्यात हाताने फिरवलेली आखणी बघताना जो जिव्हाळा वाटतो, तसाच काहीसा इथे वाटतो. ‘हे कोणीतरी बसून केलंय’ हे प्रेक्षकाला जाणवतं. म्हणून घर, खाऊ, ऊब, आठवण असले विषय स्टॉप मोशनला चांगले जमतात.

पण परिणाम फक्त तंत्रामुळे होत नाही. 2009 च्या आयपीएलच्या वेळी व्होडाफोनचे झूझू आठवतात? पांढरे, अंडाकृती डोक्याचे, चिरक्या आवाजात काहीतरी पुटपुटणारे. कित्येकांना ते संगणकावर केलेले वाटले. प्रत्यक्षात ती पोशाख घातलेली माणसं होती! ओगिल्व्ही या संस्थेच्या या जाहिराती दिग्दर्शक प्रकाश वर्मा यांनी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला चित्रित केल्या. सेकंदाला नेहमीपेक्षा कमी चौकटी घेतल्या, त्यामुळे हालचाली बाहुलीसारख्या दिसल्या. साधा आकार, एका जाहिरातीत एकच सेवा आणि छोटीशी गोष्ट, यामुळे त्या लक्षात राहिल्या. संगणक नसतानाही अ‍ॅनिमेशनचा परिणाम साधला गेला.

पात्र लक्षात, वस्तू विसरली!

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये 1990 नंतर निक पार्क यांच्या मातीच्या बोलक्या प्राण्यांनी विजेवर चालणाऱ्या हीटरची जाहिरात केली. जाहिराती प्रचंड गाजल्या, पण पुष्कळ लोकांच्या आठवणीत त्या गॅसच्या जाहिराती म्हणून राहिल्या!

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बेदाण्यांसाठी 1986 साली नाचणाऱ्या-गाणाऱ्या मातीच्या बेदाण्यांच्या जाहिराती आल्या. सुरुवातीला विक्री वाढली, बाहुल्या घराघरांत पोचल्या. पण जाहिरातीचा खर्च शेतकऱ्यांच्या वर्गणीतून होत होता. पुढे खर्चाच्या मानाने फायदा दिसेना, नाराजी वाढली आणि 1994 साली ते बेदाणा मंडळच बंद पडलं. आपल्या तासगावच्या बेदाणा उत्पादकालाही हा हिशोब लगेच समजेल. टाळ्या किती पडल्या यावर जाहिरात परिणामकारक ठरत नाही. आठवण वस्तूपर्यंत पोचली का आणि खर्च निघाला का, हे बघावं लागतं.

मुलांवर काय होतं?

मोठ्यांची आठवण अशी घसरते, लहान मुलांची मात्र चिकटून बसते. 1991 साली अमेरिकेत 3 ते 6 वर्षांच्या 229 मुलांना चिन्हं आणि वस्तूंच्या जोड्या लावायला दिल्या. एका सिगारेटचं चिन्ह होतं कार्टून उंट. 6 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 91 टक्के मुलांनी उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसला ओळखणारी मुलंही जवळपास तेवढीच होती. तिथे टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना 1971 पासूनच बंदी होती. म्हणजे तो उंट टीव्हीवर हलतही नव्हता, तरी एवढी ओळख! टीका वाढत गेली आणि 1997 मध्ये कंपनीने तो उंट मागे घेतला.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या 2004 च्या अहवालानुसार साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना ‘ही जाहिरात आपल्याला वस्तू विकू पाहतेय’ हा हेतू नीटसा कळत नाही. म्हणजे आपल्या पहिली-दुसरीच्या मुलांना बाहुली सांगते ते खरंच वाटतं.

याचा भार घरावर पडतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई घरकाम करते. मुलगी ‘हे प्यायलं की उंची वाढते’ म्हणून एका पेयासाठी हट्ट धरून बसली. पुरावा काय, तर टीव्हीत हाडं लांब होताना दिसली! ती हाडं कोणीतरी संगणकावर काढलेली आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. महिन्याच्या किराण्यातून डब्याचे पैसे काढायचे, की डाळ, अंडी, शेंगदाणे घ्यायचे, हा प्रश्न त्या माऊलीपुढे होता.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. वस्तू विकत घ्या किंवा आईवडिलांकडे हट्ट धरा, असं मुलांना थेट सांगणारी जाहिरात त्यानुसार चालत नाही. शास्त्रीय पुराव्याशिवाय बुद्धी वा शारीरिक क्षमता वाढवण्याचा दावा करता येत नाही. मुलांच्या कार्यक्रमात चिप्स, शीतपेयं यांची जाहिरात करायची नाही, असंही त्यात आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, शिवाय मुंबईतील भारतीय जाहिरात मानक परिषदेकडेही तक्रार करता येते.

वर्गात करून बघा

जाहिरातीवर व्याख्यान देण्यापेक्षा मुलांना एक जाहिरात करू द्या. साहित्य : एक मोबाइल, तो हलू नये म्हणून पुस्तकांचा आधार, शाडू माती किंवा खडू.

- गटात एक वस्तू निवडा. साधा खडू चालेल.
- ‘हा खडू कधीच संपत नाही’ असा खोटा दावा मुद्दाम द्या.
- खडू थोडा थोडा सरकवत 60 फोटो काढा. सेकंदाला 12 च्या वेगाने 5 सेकंदांची जाहिरात होते.
- मधे गुपचूप नवा खडू ठेवा. पडद्यावर खडू ‘संपतच नाही’!

मग विचारा : हे खरं आहे का? कोणी केलं? कशासाठी केलं? कोणाला विकायचं आहे?

आमच्या चौथीच्या मुलांनी हे केल्यावर एक मुलगा टीव्हीतल्या जंतूंबद्दल म्हणाला, “सर, हे पण कोणीतरी सरकवले असतील.” पालकांनी घरी एवढं करावं : जाहिरातीच्या तळाशी ‘हे काल्पनिक चित्रण आहे’ अशा अर्थाची बारीक ओळ असते, ती मुलांना शोधायला लावा. मुलांना शोधाशोध आवडतेच.

अ‍ॅनिमेशन ही सुंदर कला आहे, तिचा राग धरायचं कारण नाही. मुलांनी ती मनापासून बघावी, हसावं. फक्त बाहुली हलते तेव्हा तिला हलवणारा एक हात असतो आणि त्या हाताला पैसे देणारा दुसरा कोणी असतो, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

आपल्या वर्गात हा उपक्रम केलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा.