तैनाती फौज, नागपूर राज्यातील

एखाद्या राज्यकर्त्याच्या गादीचे रक्षण करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्याच खर्चाने त्याच्या राज्यात ठेवलेले सैन्य म्हणजे तैनाती फौज. तिच्या मोबदल्यात राज्यकर्त्यास आपले परराष्ट्रसंबंध कंपनीच्या स्वाधीन करावे लागत. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली (कार. १७९८–१८०५) ह्याने ह्या पद्धतीस निश्चित धोरणाचे रूप दिले. हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये व दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसईच्या तहान्वये (३१ डिसेंबर १८०२) ती पतकरली. परकीय पाठबळाने एकतंत्री राजवटीचे काय होते, हे नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

दुसरा रघूजी भोसले (कार. १७८८–१८१६) ह्याने अडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर देवगावचा तह (१७ डिसेंबर १८०३) करून कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गमावले आणि नागपुरास रेसिडेंट ठेवून घेतला, तैनाती फौज मात्र त्याने अखेरपर्यंत नाकारली. मार्च १८१६ मध्ये तो मरण पावला. त्याचा मुलगा परसोजी शरीराने व मनाने दुर्बल असल्याने कारभारासाठी दरबारात दोन पक्ष पडले. पुतण्या आप्पासाहेब (दुसरा मुधोजी) ह्याने बाकाबाई व धर्माजी भोसले ह्यांच्या पक्षावर मात करून कारभार हाती घेतला आणि तो टिकविण्यासाठी मे १८१६ अखेर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स ह्याच्याशी गुप्तपणे तह केला. तदनुसार फौजेच्या खर्चासाठी वार्षिक साडेसात लाख रुपये देण्याचे ठरले. राज्याने चुलत्याच्या कारकीर्दीत जे टाळले, ते पुतण्याने दरबारातील प्रतिस्पर्ध्यांच्या भीतीपोटी स्वीकारले.

फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृतावस्थेत आढळला व आप्पासाहेब गादीवर आला. हा खून त्यानेच करविला, असा आरोप इंग्रजांनी पुढे ठेवला. तत्पूर्वी मात्र त्याचा वारसा त्यांनी मान्य केला होता. आप्पासाहेबाने पेशव्याकडून सेनासाहेब सुभा हा किताब स्वीकारला व सीताबर्डीच्या लढाईत (२६–२७ नोव्हेंबर १८१७) त्याच्या सैन्याचा पराभव झाला. ज्या पाठबळाने तो अधिकारावर स्थिर झाला, त्याच सत्तेने १८१८ मध्ये त्यास पदच्युत केले. इंग्रजांच्या कैदेतून तो निसटला व पुढे १८४० मध्ये जोधपूर येथे मरण पावला.

त्यानंतर दुसऱ्या रघूजीचा अल्पवयीन दौहित्र तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आला व प्रत्यक्ष कारभार जेंकिन्सने आपल्या अधिकाऱ्यांकरवी चालविला. १८२६ च्या तहानंतर तो टप्प्याटप्प्याने राजाकडे आला, तरी रेसिडेंटाचा वरचष्मा कायम राहिला. इंग्रजांशी एकनिष्ठ राहूनही ११ डिसेंबर १८५३ रोजी राजा निपुत्रिक वारताच गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले (१८५४). भोसल्यांचे जडजवाहीर लिलावात निघाले.

ह्या पद्धतीचे मर्म खुद्द कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो ह्याने १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. जुलमी राजास आवर घालण्याचे राजवाड्यातील सत्तांतर अथवा बंड हे रूढ मार्ग परकी फौजेमुळे बंद होतात व कारभार अधिकच दुर्बल व जाचक होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. एरवी राजास सरदार, मानकरी व रयत ह्यांची मर्जी काही अंशी तरी राखावी लागे. गादीची हमी बाहेरून मिळाल्यावर ही गरज उरली नाही; फौजेचा बोजा मात्र शेवटी रयतेवरच पडला.

हाच प्रश्न विसाव्या शतकातही राज्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. पोर्तुगालमधील सालाझारच्या हुकूमशाहीस नाटोचे सदस्यत्व (१९४९) लाभले होते. तथापि १९६१ मध्ये गोव्यातील तिची सत्ता त्याने वाचली नाही. इराणच्या शाहास १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटन ह्यांच्या साहाय्याने मिळालेले स्थैर्य १९७९ च्या क्रांतीत संपुष्टात आले. पाठबळ देणारी सत्ता आपल्या सोयीनुसार त्याची मुदत ठरविते आणि पाठबळावर विसंबलेल्या राजवटीस स्वतःच्या प्रजेत आधार उरत नाही, ह्या दोन्ही गोष्टी नागपूरच्या उदाहरणात आढळतात.