उभी राहिली की थरथरणारी गाडी

मुंबईकडून येणारी एखादी गाडी चारोटीच्या टोलनाक्यावर रांगेत उभी राहते आणि थरथरायला लागते. आरपीएमचा काटा 800 वरून 600 वर घसरतो, पुन्हा चढतो, स्टिअरिंग हाताला झिणझिणतं. नाका सुटून रेस दिली की तीच गाडी तलासरीपर्यंत एकसारखी पळते. आच्छाडला सीमेजवळ थांबली की पुन्हा तेच. उभी असताना आजारी आणि पळताना ठणठणीत! या एवढ्या लक्षणात अर्धं निदान होऊन जातं, आणि ते का होतं हे कळल्यापासून बॉनेटखालच्या त्या रबरी नळ्यांकडे मी वेगळ्याच आदराने बघतो.

एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली की मिश्रण ‘लीन’ होतं, ठिणगी पडूनही नीट पेट घेत नाही, आणि गाडी मिसिंग मारते. आता आयडलला आत काय चाललेलं असतं ते पाहा. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, पण पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेमागच्या मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या साधारण एक तृतीयांश उरतो. डहाणूच्या किनाऱ्यावर, म्हणजे थेट समुद्रसपाटीला, बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार टाकत असते. ती मिळेल त्या फटीतून आत घुसणारच.

किती जोरात? आतला दाब बाहेरच्या जवळपास निम्म्याखाली गेला की फटीच्या सर्वांत अरुंद जागी हवा ध्वनीच्या वेगाने धावते, म्हणजे ताशी अकराशे किलोमीटरहून जास्त. महामार्गाच्या कडेला, उभ्या गाडीत, पाइपाला गेलेल्या एका तड्यात हे घडतं. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारा बारीक ‘स्स्स’ आवाज त्याच वाऱ्याचा!

त्या वेगामुळेच छोट्या भोकाची किंमत मोठी होते. काडेपेटीतल्या काडीएवढ्या, दोन मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला अर्धा ग्रॅमहून थोडी जास्त हवा आत जाते. लहान कारचं इंजिन आयडलला सेकंदाला साधारण दोन ग्रॅमच हवा घेतं, म्हणजे पाव हिस्सा हवा चोरवाटेने आली आणि एअरफ्लो मीटरला तिचा पत्ताच नाही. रेस दिली की इंजिन वीसेक ग्रॅम हवा मागतं. चोरवाटेची हवा तेवढीच राहते, उलट झडप उघडून आतला दाब वाढला की कमीच होते. पळताना गाडी बरी वाटते ती यामुळे.

हे सगळं बाहेर येतं ते सायलेन्सरच्या पाइपात बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरमुळे. त्यातलं झिर्कोनियाचं चिनीमातीसारखं टोपण तीनशे अंशांच्या वर तापलं की स्वतःच वीज निर्माण करतं: धुरात ऑक्सिजन उरला असेल तर 0.1 व्होल्टच्या आसपास, नसेल तर 0.9. त्याचं गणित ज्या वाल्टर नेर्न्स्टच्या समीकरणाने मांडतात, त्याच नेर्न्स्टने 1890च्या दशकाच्या अखेरीस झिर्कोनियाचाच विजेचा दिवा बनवला होता. 1976 साली व्होल्वोच्या गाडीत हा सेन्सर पहिल्यांदा आला.

सेन्सर ‘लीन’ म्हणाला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल वाढवतो. किती वाढवलं याचा टक्का म्हणजे फ्युएल ट्रिम. स्कॅनर लावून आयडलला आणि मग अडीच हजार आरपीएमवर तो वाचायचा. आयडलला अधिक 25 आणि वर अधिक 4 दिसलं, तर कुठेतरी हवा घेतेय. दोन्हीकडे थोडासाच आणि सारखा अधिक असेल, तर तो इथेनॉल मिसळलेल्या ई-20 पेट्रोलचाही परिणाम असू शकतो, कारण इथेनॉलला हवा कमी लागते. रेस दिल्यावर टक्का उलट वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघावा.

स्कॅनरवर पी 0171, म्हणजे मिश्रण लीन असल्याचा कोड दिसला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई मला फार खटकते. बहुतेक वेळा तो बिचारा खरंच सांगत असतो. फसतो तो दोन ठिकाणी. त्याच्या आधीच सायलेन्सरचा पाइप फुटला असेल, तर बाहेरची हवा तिथून शिरते. आणि एखादा प्लग ठिणगी देत नसेल, तर त्या सिलिंडरचा न वापरलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो. शिवाय अनेक छोट्या गाड्यांत एअरफ्लो मीटर नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजला जातो. तिथे आगंतुक हवाही मोजली जाते, आणि मिश्रण लीन होण्याऐवजी आयडलच चढून बसतं.

फट शोधायला कार्ब क्लीनरचा फवारा मारतात, पण तापल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो. माझा कौल धुराच्या मशिनला. इंजिन बंद ठेवून अगदी हलक्या दाबाने मॅनिफोल्डमध्ये धूर सोडायचा आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं: ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजेक्टरच्या रिंगा. पीसीव्हीच्या नळीचं वळण खालून जरूर दाबून पाहावं. तेलाने मऊ झालेलं रबर वरून धड दिसतं, चिमटीत धरलं की तडा उघडतो आणि धुराची पांढरी रेघ सरळ वर चढते.

नळी बदलली की काही सेकंदांत शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाचा, ट्रिम उणे वीसवर जातो. घाबरू नये. लाँग टर्म, म्हणजे ईसीयूने साठवून ठेवलेल्या, ट्रिमच्या नोंदीत जुनं वाढीव पेट्रोल अजून शिल्लक असतं. मेकॅनिकने ती पुसली नाही, तर तलासरीहून डहाणूकडे जाताना दोन्ही आकडे हळूहळू शून्याकडे सरकत राहतात.