वेळ आणि वाटाड्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कोणता विषय घ्यावा, हे विचारायला घरी कोणी नव्हते. वडिलांनी फीचे पैसे हाती ठेवले आणि म्हणाले, "पुढचं तूच बघ." म्हणूनच मानसशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेतील 'के' अनुदानांची माहिती सांगितली, तेव्हा मी कान टवकारले.

रोगी तपासणाऱ्या डॉक्टरला संशोधनासाठी वेळ आणायचा कोठून? १९७९ साली जेम्स विनगार्डन या वैद्यकतज्ज्ञांनी एका लेखाच्या शीर्षकातच अशा संशोधकांना 'नामशेष होऊ घातलेली प्रजाती' म्हटले होते. पुढे १९८२ मध्ये ते 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सरकारी संस्थेचे संचालक झाले.

हीच संस्था नवोदित संशोधकांना 'के' अनुदाने देते. त्यांतील 'के-०८' आणि 'के-२३' मुख्यतः डॉक्टरांसाठी आहेत. 'के-०१' मध्ये मानवी वर्तनाचे अभ्यासकही येतात. म्हणजे मानसशास्त्राला येथे मज्जाव नाही! मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची. या काळात संशोधकाने कामाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला व त्याच्या शिक्षणाला द्यावा, अशी सर्वसाधारण अट असते. थोडक्यात, हे अनुदान आधी वेळ विकत घेते.

दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. मार्गदर्शकाशिवाय अर्जच करता येत नाही. आपण काय शिकवू, देखरेख कशी ठेवू, हे मार्गदर्शकाने लेखी द्यावे लागते. उमेदवार, त्याच्या शिक्षणाचा आराखडा, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शक आणि संस्था अशा पाचही बाबी पारखल्या जातात. विशेष म्हणजे मार्गदर्शकाला या अनुदानातून पगार मिळत नाही.

पण मेख येथेच आहे. मार्गदर्शक अर्जाआधी शोधावा लागतो. ज्याच्या घरी ओळखीचे कोणी नाही, त्याने कोणाचे दार ठोठवावे? हुशारी असूनही केवळ संकोचापायी कित्येकजण दाराबाहेरच राहत असतील.

तो तास संपल्यावर मी प्रथमच स्टाफरूमच्या दाराशी गेले. "सर, एम. ए. नंतर संशोधन करायचे असेल, तर आतापासून काय वाचू?" एवढेच विचारले. सरांनी खुर्ची पुढे सरकवली.

मित्रमैत्रिणींनो, अनुदान फार दूरचे आहे. स्टाफरूम मात्र जिन्याशेजारीच आहे.

— द्वितीय वर्ष, कला