पाहुणा शाकाहारी आला, ताटात काय वाढाल?



श्रावण लागला की कर्जत तालुक्यातल्या खांडसच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. कोणी गणेश घाटाने, तर कोणी शिडी घाटाने भीमाशंकर गाठू पाहतो. त्याच दिवसांत कोंढाण्याची लेणी पाहून राजमाचीकडे चढणारे आणि पेठच्या कोथळीगडावर जाणारे शहरी तरुणही आपल्या वाड्यापाड्यांतून जातात. भिजलेला, दमलेला माणूस ओटीवर टेकतो आणि विचारतो, "मावशी, जेवायला मिळेल का? पण आम्ही शाकाहारी आहोत हं."

इथे घरची बाई गडबडते. शहरातल्या माणसाला आपले जेवण काय आवडणार, असे तिला वाटते. मग बटाट्याचा रस्सा होतो, नाही तर कर्जतच्या बाजारातून पनीर येते. बटाटा घाटावरचा आणि पनीर शहरातले. पाहुण्याने दिलेल्या पैशातला मोठा वाटा पुन्हा दुकानदाराकडेच जातो. घरामागच्या माळावर मात्र टाकळा, कुर्डू, फोडशी आणि करटोली पावसात डोलत असतात. शाकाहारी पाहुणा ही अडचण नसून आपल्या घराला चालून आलेली संधी आहे. मात्र तीन गोष्टी नीट सांभाळायला हव्यात. पाहुण्याला खरे सांगायचे, भाजीचे विष आणि खाज काढायची, आणि रान राखायचे.

शाकाहारी म्हणजे नेमका कोणता?

शाकाहारी म्हणवणारे सगळे एकसारखे नसतात. साधारण चार प्रकारचे पाहुणे तुमच्या ओटीवर येतील.

पहिला साधा शाकाहारी. मांस, मासे आणि बहुधा अंडीही तो खात नाही, पण दूध, ताक, तूप त्याला चालते. याची काळजी नको.

दुसरा उपासाचा. श्रावणी सोमवारी भीमाशंकराला निघालेला भाविक साबुदाणा मागतो. हा साबुदाणा तामिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि इथवर विकत येतो. पण उपासाला चालणारी वरी आपल्याच वरकस जमिनीत पिकते! वरीचा भात, दाण्याची आमटी आणि उकडलेले रताळे एवढ्यावर उपासकरी तृप्त होतो. त्याला कांदा-लसूण घालू नये.

तिसरा जैन पाहुणा. तो कांदा, लसूण, बटाटा, करांदे असे जमिनीखालचे काही खात नाही. चातुर्मासात तर पुष्कळ जैन मंडळी पालेभाजीही वर्ज्य करतात. तेव्हा श्रावणात त्याच्यापुढे टाकळ्याची भाजी मोठ्या हौसेने ठेवली तर तो उपाशी उठेल. त्याला भात, कांदा-लसणाशिवाय वरण आणि भाकरी द्यावी. बाकी काय चालते ते त्यालाच विचारावे. त्यात संकोच नको.

चौथा पाहुणा अलीकडचा. तो स्वतःला 'व्हीगन' म्हणवतो. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली निघाला. हा माणूस जनावरापासून आलेले काहीच घेत नाही. मांस-मासे नाहीत, अंडी नाहीत, तसेच दूध, दही, ताक, तूप आणि मधही नाही. ऐकायला हे फार अवघड वाटते. पण आपले डोंगरातले जुने जेवण पाहा. नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे, कारळ्याची चटणी, तेलावर परतलेली रानभाजी आणि आमसुलाचे सार यांत दुधाचा थेंब नाही. नारळाचे दूध त्याला चालते. भाकरीला तूप लावू नये, वरणावर तुपाची धार सोडू नये आणि गवती चहा घातलेला कोरा चहा गूळ घालून द्यावा, एवढे केले की झाले. पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून मात्र फसू नये. त्या ठिपक्याचा अर्थ मांस-मासे-अंडी नाहीत एवढाच. आत दुधाची पूड असू शकते.

सुकटीची अडचण

आपल्या भागात भाजीला चव यावी म्हणून मूठभर सुकट किंवा जवळा टाकतात. वालात सुकट, शेवळात सोडे ही आपली रीतच आहे. घरच्याला ती भाजीच वाटते. पाहुण्याच्या दृष्टीने मात्र तो मासा झाला. कोणी म्हणेल, थोडीशी असली तर कळते कुठे? बंधूंनो, असे कधीही करू नका. त्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकून घास तोंडात घातलेला असतो. खाण्याचा नेम हा धर्माचा असो की मनाचा, तो मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय एकदा बोभाटा झाला की सगळ्या वाडीवरचा विश्वास उडतो.

ही अडचण केवळ आपलीच नाही. दूर पूर्वेला व्हिएतनाम नावाचा देश आहे. तिथेही डोंगराच्या उतारावर भातखाचरे आहेत. तिथे मासे मिठात मुरवून त्यांचा अर्क काढतात आणि तो रोजच्या स्वयंपाकात सर्रास घालतात. ताटात नुसता पाला दिसला तरी त्यात मासा असतोच. पण तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे टाळतात आणि अशा जेवणाला त्यांच्याकडे 'चाय' अशा उच्चाराचा एकच शब्द आहे. तो शब्द खाणावळीच्या पाटीवर दिसला की परदेशी वाटसरूही निर्धास्त जेवायला बसतो. आपल्यालाही असेच करता येईल. दारावर खडूने लिहावे, 'सुकट नाही, तूप नाही.' त्या जेवणाची कढई, पळी आणि तेल वेगळे ठेवावे. मासळी तळलेले तेल भाजीला वापरू नये.

माळावरचे ताट

आता ताटात काय वाढायचे ते महिन्यावार पाहू.

पावसाच्या तोंडावर शेवळे जमिनीतून वर येतात. पहिल्या सरींनंतर टाकळ्याची कोवळी पाने मिळतात. फुलावर येण्याआधी ती खुडावीत आणि कांदा, लसूण, मिरची व ओले खोबरे घालून परतावीत. फोडशी, जिला काही ठिकाणी कुलूची भाजी म्हणतात, ती कांद्याच्या पातीसारखी दिसते. तिचा बुडखा काढून पात बारीक चिरावी आणि मूगडाळ किंवा भाजणीचे पीठ पेरून करावी. आषाढ-श्रावणात कुर्डू, भारंगी आणि करटोली येतात. करटोलीचे पातळ काप तेलावर खरपूस परतले की लहान मुलेही आवडीने खातात.

याला जोड भाकरीची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. डाळी-कडधान्यात जे प्रथिन कमी पडते ते तांदूळ-नाचणी भरून काढतात आणि धान्यात जे उणे असते ते वाल भरून काढतो. म्हणून भात-वाल किंवा भाकरी-वाल हे गरिबाचे जेवण असले तरी ते पुरे जेवण आहे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या कर्जत-३, कर्जत-१८४ या भाताच्या जाती आपल्यातल्या अनेकांनी लावल्या आहेत. पाहुण्याला वाढताना हा तांदूळ आपल्याच खाचरातला, हे सांगायला विसरू नका.

कारळ्याची चटणी तर प्रत्येक घरात हवी. कारळे म्हणजे आपली खुरासणी. ती मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावी आणि लसूण, सुकी मिरची व मीठ घालून कुटावी. भरपूर दिवस टिकते आणि भाकरीशी तिच्यासारखी सोबत नाही.

खाज, कडूपणा आणि विष

रानातले सगळेच हिरवे खाण्याजोगे नसते, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

शेवळाची वरची साले काढून आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यावा. उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतावे आणि त्यात काकडाच्या फळांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालावा. आंबटाशिवाय शेवळे शिजवले तर घसा खवखवतो. त्यातल्या ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुया घशाला टोचतात. रानातल्या अळवालाही हाच नियम लागू. भारंगीची पाने उकडून, पाणी टाकून, पिळून घ्यावीत, म्हणजे कडूपणा उतरतो. बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, कच्चे खाऊ नयेत. त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ते बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवावेत, नंतर उकळून ते पाणी फेकून द्यावे.

कळलावीपासून तर शंभर हात दूर राहावे. तिच्या पानाचे टोक वेलीच्या तणाव्यासारखे वळलेले असते आणि फूल ज्वाळेसारखे पिवळे-लाल. तिचा कंद करांदा किंवा रताळे समजून खाल्ला तर जीव जातो. कडू कंद काढून शिजवणे हे तर केवळ जाणत्यांचेच काम. पुस्तकातले चित्र किंवा फोनमधला फोटो पाहून कोणी ते करू नये.

हे जाणते कोण? आपल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या वडीलधाऱ्या बाया. कोणत्या भाजीचा कोणता भाग घ्यायचा, किती उकळायचा, कोणत्या आंबटात शिजवायचा, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण त्यांच्या सुना-लेकींना ही भाजी शाळेच्या डब्यात न्यायची लाज वाटते. आजी गेली की तिच्याबरोबर दहा भाज्याही जातात. म्हणून यंदाच्या पावसात सुनेने सासूबरोबर, लेकीने आजीबरोबर रानात जावे आणि भाजी ओळखायला व शिजवायला शिकून घ्यावे.

माघातला पाहुणा

खालापूरकरांचा हंगाम निराळा. महडचा वरदविनायक अष्टविनायकांतला. माघी गणेशजयंतीला तिथे मोठी गर्दी होते. तेव्हा रानभाजी नसते, पण भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर पेरलेला वाल शेंगांनी लगडलेला असतो. अशा वेळी पोपटी लावावी. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि जाडे मीठ भरावे. वरून पुन्हा पाला कोंबून मडके उपडे ठेवावे आणि भोवती जाळ करावा. पाण्याचा थेंबही लागत नाही. अंडी-कोंबडी घालायची तर दुसरे मडके लावावे. शाकाहारी पाहुण्यासाठी कोरे मडके असावे.

मोल आणि राखण

जेवणाचा दर ठरवताना धान्य, तेल आणि सरपण यांचा खर्च धराच, पण भाजी खुडायला गेलेला अर्धा दिवसही धरा. रानातून आणली म्हणून भाजी फुकट नसते. ज्या कातकरी बाईने ती खुडली तिला तिचे पैसे आधी मिळावेत. बचत गटाने एक वही ठेवावी आणि कोणाकडून किती भाजी घेतली, किती पैसे दिले, हे रोज लिहावे. कृषी खाते अलीकडच्या वर्षांत ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवते. तिथेही आपल्या गटाने भाजी मांडावी.

खुडताना शेंडा खुडावा, मूळ उपटू नये. फोडशीचा कंद जमिनीत राहू द्यावा. करटोलीच्या वेलावर काही फळे पिकायला ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षीचे बी पडेल. बांबूच्या बेटातले सगळे कोंब काढले तर बेट मरते. वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, वननिवासींचा गौण वनोपजावरचा परंपरागत हक्क मान्य केला आहे. पण हक्क टिकायचा तर रानही टिकले पाहिजे.

शेवटी एक साधी सूचना. पावसाळ्यात पाहुण्याला पाणी उकळून गार केलेलेच द्यावे आणि पाला तीन वेळा धुऊन घ्यावा. मग नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, वालाचे बिरडे, कारळ्याची चटणी असे ताट वाढावे आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थाचे नाव सांगावे. पाहुणा नाव विचारून घेईल, पुढच्या वर्षी आणखी चार जणांना घेऊन येईल, आणि तेव्हा तो बटाट्याचा रस्सा मागणार नाही.