ताळेबंद सर्वांसाठी खुला

उधारी देण्यापूर्वी समोरच्या पेढीची पत पाहण्याची व्यापाऱ्याची रीत जुनीच आहे. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आपले ताळेबंद 'सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन' या सरकारी आयोगाकडे दाखल करावेच लागतात. १९९० नंतर ते संगणकावर येऊ लागले. परंतु घरबसल्या पाहायचे तर खासगी विक्रेत्यांना भरमसाट शुल्क मोजावे लागे. कायद्याने सार्वजनिक असलेला कागद सामान्य भागधारकाला परवडू नये, हा विचित्रच न्याय होता.

कार्ल मालामुद यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साहाय्याने हे सारे कागद इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. सुमारे दोन वर्षे हे चालले. लोकांना सवय लागली आणि १९९५ मध्ये त्यांनी जाहीर केले, की आपण ही सेवा बंद करीत आहोत. हे काम सरकारचे आहे! वापरणाऱ्यांनी आयोगाकडे आग्रह धरला. मालामुद यांनी आपली यंत्रसामग्रीही उसनी देऊ केली, आणि आयोगाला ती जबाबदारी पत्करावी लागली. ती सेवा आजही विनामूल्य आहे. पाणपोई घालणारे पुष्कळ भेटतात. तिच्या जागी सरकारी नळ आणविणारा विरळा.

पुढे भारतीय मानके विनामूल्य मिळावीत, म्हणून मालामुद आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मसाल्यांपासून पोलादापर्यंतची ही मानके आता भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी करून विनाशुल्क उतरवून घेता येतात.