परदेशातली आजीबाई

परवा दुपारी शाळेतून येते तोच शेजारच्या वहिनी दारात उभ्या. चेहरा पार उतरलेला. त्यांची लेक अमेरिकेत एम.एस. करायला गेली आहे ना, तिचा फोन आला होता. चर्चच्या कामातल्या एक बाई तिला दर रविवारी जेवायला बोलावतात. नवी होती तेव्हा त्यांनीच गादी दिली, टेबल दिलं, तापात गरम सूप आणून दिलं. आता म्हणतात, बायबल वाचायला येत जा.

"बाटवतील हो पोरीला!" वहिनी अगदी रडकुंडीला आल्या.

मी चहा टाकला आणि त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हांलाही सांगते.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. दुष्काळात आईवडील गेलेले, पाठोपाठ भाऊ आणि नवराही गेलेला. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. डॉक्टर व्हायचं मनात होतं. मी ख्रिस्ती होणार नाही, असं त्या निघताना ठामपणे सांगत होत्या. वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या मंडळाच्या जोगिणींकडे त्या उतरल्या. ऐकायला कमी येत असल्यामुळे डॉक्टरकी राहिली. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. परक्या मुलखात केवढं एकटेपण आलं असेल, कल्पना करा!

त्या एकटेपणात सिस्टर जेराल्डीन भेटल्या. रमाबाई त्यांना चक्क 'आजीबाई' म्हणत. पण रमाबाईंचं मन हललं ते नुसत्या प्रवचनांनी नाही. लंडनजवळ फुलहॅमला या जोगिणी वाट चुकलेल्या बायकांना मायेनं सांभाळत, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. 'आपल्याकडे अशा बाईला कोण जवळ घेतं?' हा प्रश्न त्यांना बोचला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गहजब झाला!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू लागल्या, तिथे संस्कृतही शिकवू लागल्या. मनोरमा मात्र वाँटेजलाच होती. आता आजीबाईंना वाटे, हिनं सांगितलं ते मुकाट्यानं मानावं. रमाबाई कसल्या मानतात! त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, आमची संस्कृत काय वाईट, असं विचारलं. त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, तर पटत नाही म्हणून लिहून कळवलं. पुरुषांना शिकवू नये असा बिशपांचा सल्ला आला, त्यावरही त्या भांडल्या. माझी सदसद्‌विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती दिलेली नाही, हाच त्यांच्या पत्रांचा सूर. ती पत्रं १९७७ साली पुस्तकरूपानं आली आहेत, जरूर मिळवून वाचा. रागवारागवी झाली, तरी माया तुटली नाही.

त्याच १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. आधी गोपाळरावांनी एका मिशनऱ्याकडे मदत मागितली होती. त्यानं ख्रिस्ती होण्याचा मुद्दा पुढे केला. तो पत्रव्यवहार छापून आला आणि कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांनी कसलीही अट न घालता आनंदीबाईंना घरात घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. हिंदू म्हणून जाईन, हिंदूच परत येईन, असं त्या निघताना जाहीर बोलल्या होत्या आणि तसंच वागल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा पाहायला रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या.

आणि गंमत बघा, पुढे रमाबाई स्वतःच त्या आजीबाईंच्या जागी आल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. तिथे मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात अशी ओरड झाली आणि १८९३ साली पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. त्या पालकांची काळजी मला कळते, आणि निराधार मुलींना पोटाशी धरणाऱ्या रमाबाईही कळतात.

म्हणून मी वहिनींना म्हटलं, लेकीला रागावू नका. रागावलात तर ती पुढचं तुम्हांला सांगायचीच नाही. तिला एवढंच विचारा: बायबलला नको म्हटलं, तर रविवारचं जेवण चालू राहील का? घरी सांगू नकोस, असं कुणी म्हणतं का? आपल्या शंका तिला मोकळेपणी विचारता येतात का? उत्तरं सरळ आली, तर ती माया खरी. नाहीतर लेकीला तिथून बाजूला होण्याचं बळ द्या. आणि विचारान्ती तिला काही वेगळं पटलंच, तर तेही आधी तुमच्यापाशी बोलावंसं वाटेल, एवढं दार उघडं ठेवा.

काल वहिनी पुन्हा आल्या. म्हणाल्या, "नको म्हणाली हो ती. तरी बाईंनी रविवारी जेवायला बोलावलंच!"

मग आम्ही दोघी मिळून त्या बाईंसाठी चकलीची भाजणी भाजायला बसलो.